तिसरी गादी

३ फेब्रुवारी, सोमवार

अप्पा दवाखान्यातून घरी आले त्याला आता बरेच दिवस झाले. खुब्याचं हाड जुळतंय, वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येतात. डॉक्टर म्हणाले, प्रगती छान आहे. प्रगती छान आहे कारण सकाळी लॅबला जाण्याआधी त्यांचे पाय मी चोळते, आंघोळीचं पाणी मी काढते, गोळ्या मी काढून ठेवते. हे कोणी म्हणावं अशी अपेक्षा नाही. पण लिहायला हरकत नाही, ही वही माझी आहे.

आज संध्याकाळी दमून आले. दिवसभर कवळ्यांना पॉलिश करून हाताची बोटं बधिर झाली होती. चप्पल काढतेय तोच आतून आवाज आला, "ताई, जरा चष्मा दे. टिल्लीची चाल आलेली दिसतेय."

कशी आहेस नाही, उशीर का झाला नाही. टिल्लीची चाल.

टिल्ली म्हणजे माझी धाकटी बहीण. आता चौतिशीची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी टिल्लीच. ती जन्मली त्या दिवशी मी ताई झाले आणि तेव्हापासून या घरात माझं नाव कोणी घेतलेलं नाही. ती अप्पांना 'अरे अप्पा, तू' म्हणते. मी 'अहो अप्पा, तुम्ही'. कोणी शिकवलं कोण जाणे.

अप्पा पडले तेव्हा ती आली नाही. ऑपरेशनलाही नाही. नवऱ्याची बदली, सामानाची बांधाबांध, मग नव्या गावात घर लावायचं, अशी कारणं अप्पांनीच मला सांगितली. आली नाही ती नाहीच, पण मोबाइलवर त्यांना एक खेळ लावून दिला आणि सगळं श्रेय घेऊन मोकळी झाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

खेळ राजेरजवाड्यांचा आहे. जुना काळ, तलवारी-भाले, तोफा नुकत्या आलेल्या. मोठा नकाशा, त्यावर मुलूख, बंदरं, घाट, किल्ले. आपण एका राज्याच्या गादीवर बसायचं आणि शेजारचा मुलूख जिंकायचा. सगळे एकदम खेळत नाहीत. एकाची पाळी झाली की दुसऱ्याची. आपल्या पाळीत सैन्य हलवायचं, नवं उभारायचं, तट बांधायचे, तह करायचे, आणि 'पाळी संपली' असं दाबायचं. मग समोरच्याची वाट बघायची. दिवसभरात त्याने चाल केली नाही तर पाळी आपोआप पुढे सरकते.

अप्पांनी जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवला. पत्त्यांचा डावसुद्धा कधी मांडला नाही. आणि आता सकाळपासून फोन छातीवर ठेवून पडून असतात. चाल सहसा भर दुपारी येते म्हणे. टिल्ली नोकरीला असते ना दुपारची? तिथेही हिचे लाड चालत असतील.

आज आणखी एक पाहिलं. मी चहा घेऊन गेले तर अप्पा फोन कानाला लावून बसले होते. "खाल्लंस का काही?" असं विचारलं, मग म्हणाले, "बरं, नको बोलूस. मी आहे." आणि मग कितीतरी वेळ नुसते बसून राहिले, फोन कानालाच. चहावर साय धरली. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे शब्द नसतात, आणि तिच्याबरोबर नुसतं गप्प बसायलासुद्धा वेळ असतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

लॅबमध्ये आमचे सिरॅमिकवाले काका हाच खेळ खेळतात हे आज कळलं. पोर्सिलेनचे दात बनवणारा माणूस, रंगाच्या चौदा छटा नुसत्या डोळ्यांनी ओळखतो, आणि मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून राज्यं बुडवत बसतो. मी म्हटलं, मला शिकवा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, डोकं चालतं राहावं म्हणून.

त्यांनी माझ्या फोनवर खेळ घेतला आणि यंत्राविरुद्ध डाव लावून दिला. मी पहिल्याच पाळीत सगळं सैन्य शेजाऱ्यावर घातलं. तिसऱ्या पाळीत माझी राजधानी गेली. काका हसले नाहीत.

"नवशिका माणूस आधी तलवार उपसतो," ते म्हणाले. "आधी पोट बघायचं. शेती, कोठार, रस्ता. सैन्य उभं असलं तरी खातं, चाललं तर जास्त खातं. रसद पोचली नाही तर लढाईशिवायच निम्मं मरतं."

मग बाकीचं सांगितलं. जिंकलेल्या शहरात शिबंदी ठेवायची, नाहीतर लोक उठतात आणि शहर पुन्हा जातं. नदी ओलांडताना लढू नये. डोंगरावरच्यावर खालून चढून जाऊ नये. एका वेळी एकच सीमा पेटवायची, दुसऱ्या शेजाऱ्याशी तेवढ्यापुरता तह. आणि समोरचा काय करतोय यापेक्षा तो काय करत नाहीये ते बघायचं, खरी मेख तिथे असते.

हे शेवटचं मला फार पटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अप्पा आंघोळीला गेले (म्हणजे मी नेलं, आणि स्टुलावर बसवून बाहेर थांबले) तेवढ्यात त्यांचा फोन उघडून डाव पाहिला. चोरी नाही, फोनला कुलूप नव्हतं.

दक्षिणेला समुद्रकाठी टिल्लीचं निळं राज्य. मधोमध अप्पांचं तांबडं. उत्तरेला डोंगरापलीकडे पिवळं, ती गादी रिकामी आहे, यंत्र चालवतं.

टिल्ली इतकी वाईट खेळते की मला खरंच हसू आलं. तट पडलेत ते बांधलेले नाहीत. कोठारं भरलेली, पण शिपाई एक उभा केलेला नाही. मागच्या चालींची यादीही पाहिली, रोजची चाल काय, तर एकच गलबत बंदरातून बाहेर काढायचं, दुसऱ्या दिवशी परत आत आणायचं. बाहेर, आत. बस्स. शाळेत पहिली येणारी मुलगी ही.

आणि अप्पा? मनात आणतील तर दोन पाळ्यांत तिला गिळतील. पण त्यांनी आपलं सगळं सैन्य तिच्या सीमेभोवती लावलंय, तोंड बाहेर करून. स्वतःच्या राजधानीत जेमतेम पहारा. मुलीच्या राज्याला बापाचं कुंपण. तिला जिंकायचं तर सोडाच, वारासुद्धा लागू द्यायचा नाही असं ठरवलेलं दिसतं.

मला सायकल शिकवताना त्यांनी मागून हात सोडला होता. टिल्लीची सायकल ती पाचवीत जाईपर्यंत धरून पळत होते.

डावाचा क्रमांक कोपऱ्यात लिहिलेला होता. पाठ केला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बसले गादीवर.

रिकामी गादी कोणालाही घेता येते, क्रमांक माहीत असला की झालं. नाव विचारलं तेव्हा जरा अडले, मग 'वाटसरू' असं घातलं. पिवळं राज्य माझं. डोंगराळ, थंड, उत्पन्न बेताचं. यंत्राने सैन्य चारी दिशांना उधळून ठेवलं होतं. ते सगळं मागे बोलावलं. लढले नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी कोठार, मग रस्ता.

 एक्केचाळिसाव्या वर्षी मी बापाच्या आणि बहिणीच्या खेळात चोरून शिरले आहे. कोणी ऐकलं तर काय म्हणेल? पण कोणी बोलावलं असतं तर चोरून कशाला शिरले असते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस मला फार आवडला.

अप्पा जेवताना स्वतःहून बोलले. म्हणाले, उत्तरेकडच्या गादीवर कोणीतरी माणूस येऊन बसलंय. नाव वाटसरू. मी भांडं घासण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली आणि विचारलं, कसा खेळतो?

"रस्ते समजतात त्याला," अप्पा म्हणाले. "मोठ्या रस्त्यावर एक शिपाई दाखवत नाही. डोंगरातली आडवाट धरलीय. आधी रिकामी घोडेस्वारांची तुकडी पाठवली, ती पोचली तेव्हा मागून सैन्य. जाणता आहे कोणीतरी."

जाणता! माझे कान गरम झाले. सहावीत असताना एकदा त्यांनी मला ट्रकच्या केबिनमध्ये बसवून नेलं होतं, मला एकटीला, टिल्लीला गोवर आला होता म्हणून. तेव्हा सांगितलं होतं की भरलेली गाडी अनोळखी वाटेला घालायची तर आधी ती वाट रिकाम्या गाडीने बघून यावी. तेच केलं मी.

जेवण झाल्यावरही ते वाटसरूबद्दल बोलत होते. माझ्याकडे बघत बघत बोलत होते. मग एकदम विचारलं, "लॅबमध्ये सध्या काम कमी आहे का गं?" मी म्हटलं, नाही, भरपूर आहे. "बरं," म्हणाले.

गंमत म्हणजे नंतर पडल्या पडल्या मला त्या वाटसरूचाच हेवा वाटला. माझ्याबद्दल असं कधी बोलले असते का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टिल्लीचं सीमेवरचं एक मिठागराचं गाव घेतलं. राखायला कोणी नव्हतंच. अप्पांचं कुंपण जिथे विरळ आहे तिथून, घाटातून उतरले.

अप्पा आज व्यायामाला नको म्हणाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अप्पांनी वाटसरूला तह पाठवला.

लॅबमध्ये मेणात दात बसवत होते तेव्हा फोन वाजला. हात पुसून बघितलं. अप्पा घाट देतायत, घाटामागचा किल्ला देतायत, आणि नदीकाठचं सगळ्यात सुपीक शहर. घाटासाठी तर ते सुरुवातीला किती पाळ्या लढले होते, सिरॅमिकवाल्यांसारखं मलाही आता नकाशावरच्या खुणांवरून कळतं. बदल्यात मागितलं काय, तर निळ्या राज्याला हात लावायचा नाही.

एवढंच. स्वतःसाठी काही नाही.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "घेऊन टाक," म्हणाले. "असा तह मी तरी पाहिलेला नाही. राज्यच देतोय की हा माणूस."

मी दुपारभर तो तह उघडून बघत होते. मला शिवणाचं मशीन हवं होतं तेव्हा पुढच्या वर्षी बघू म्हणाले. टिल्लीला परगावी शिकायला जायचं होतं तेव्हा ट्रक विकला. आता खेळातलं राज्य, तेही तिच्यासाठीच. आणि या वेळी तर तिने मागायच्या आधीच.

तह नाकारला.

घरी आले तर अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ताप आहे. कपाळाला हात लावला. नव्हता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टिल्लीला जाग आली एकदाची. तट बांधायला घेतले, शिपाई उभे केले, माझी पुढची तुकडी नदी ओलांडत असताना चांगली झोडपली. परवा एक चाल तर तिने सकाळी उजाडताच केली. शहाणपण उशिरा सुचलं. अप्पा मात्र हसले आज, फोनकडे बघून. "लढतेय," म्हणाले, मला नाही, स्वतःशीच.

माझी तुकडी कापली गेली आणि हे हसले.

२३ फेब्रुवारी, रविवार

निळी राजधानी घेतली.

तीन बाजूंनी वेढा घातला, चौथी समुद्राची, तिथे तेच गलबत. अप्पांनी तांबडं सैन्य धावत आणलं, पण रसद मागे राहिली आणि ते वाटेतच गळालं. ट्रकवाल्याच्या हातून ही चूक व्हावी. तट पडला. पडद्यावर एक पडका बुरूज आला आणि खाली अक्षरं, की निळं राज्य संपलं. त्या गादीचा खेळाडू डावाबाहेर.

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खेळत होते. पलीकडच्या खोलीत अप्पांचा फोनही तेव्हाच वाजला असेल. वाटलं होतं, फार बरं वाटेल. थोडं वाटलंही. मग आतून वॉकरचा आवाज येईल म्हणून वाट बघितली. आला नाही. आत गेले तर ते भिंतीकडे तोंड करून होते.

"काय झालं, अप्पा?"

"काही नाही. खेळच आहे," म्हणाले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अप्पा जेवले नाहीत. दिवसभर फोन लावत होते. तिचा बंद आहे. मी म्हटलं, हरली म्हणून रुसली असेल, लहानपणापासून तशीच आहे. त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. मग मी म्हटलं, जावयांना लावून बघा की. त्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, त्यांचा नंबर नाही.

जावयाचा नंबर नाही? गेल्या महिन्यापर्यंत होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार



अकराच्या सुमाराला खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीचा लॅबमध्ये फोन आला. अप्पा जिना उतरून गेले. एकेका पायरीवर बसत, घसरत उतरले म्हणे, वॉकर आधी खाली ढकलून. ती धावली तर म्हणाले, औषध आणायला चाललोय, आणि टॅक्सीत बसले. टॅक्सीवाल्याला बसस्थानक सांगितलेलं तिने ऐकलं.

मी अॅप्रन घालूनच निघाले. दातांच्या साच्यांचं प्लास्टर लागलेले हात तसेच.

बसस्थानकावर शेवटच्या बाकावर होते. मांडीवर कापडी पिशवी, एका पायात बूट, दुसऱ्या पायात घरातली सपात. वाकता येत नाही ना. चेहरा राखेसारखा. मी शेजारी बसले आणि आधी ओरडले, काय ओरडले ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "तिचा नवरा गेला सोडून. व्यसनी माणूस नव्हे, वाईटही नव्हे, नुसता गेला. बदली-बिदली काही नाही. पावसाळ्याच्या आधीच. तिची नोकरीही सुटली. एकटी असते खोलीत. उठत नाही, खात नाही. फोनवर बोलायला लागली की रडू येतं, म्हणून फोन घेत नाही."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

"शपथ घातली तिने. लग्नाच्या वेळी तू बोलली होतीस की हा टिकणारा माणूस नाही. म्हणाली, ताईला कळलं तर ती काही बोलणार नाही, नुसती बघेल. ते मला सोसायचं नाही." त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली. "मी तिला म्हटलं, बोलू नकोस, काही सांगू नकोस, पण रोज एक चाल कर. चाल आली की मी समजेन, तू आहेस."

  बाहेर, आत. बाहेर, आत. ते एक गलबत. मी हसले होते.

एक बस लागली आणि सुटली. मी म्हटलं, "अप्पा, तो वाटसरू मी होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "रिकामी तुकडी पुढे पाठवलीस तेव्हाच ओळखलं. म्हणून तर तह धाडला. परक्याला कोण एवढं देतं?"

मला वाटलं ते आता काहीतरी कठोर बोलतील. पण ते पायातल्या सपातेकडे बघून म्हणाले, "मला बसमध्ये चढता येईल असं वाटलं होतं."

त्यांना टॅक्सीने घरी आणलं, शिवणवालीला शेजारी बसवलं, आणि मी त्याच स्थानकावर परत आले. बसमध्ये लिहितेय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टिल्लीच्या खोलीवर. ती झोपलीय म्हणून लिहिते.

काल बस पोचली तेव्हा संध्याकाळ होत होती. पत्ता अप्पांनी कागदावर दिला होता. लांब बोळ, दोन्ही बाजूंना वर्कशॉपं, वर राहायच्या खोल्या. दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं. जिन्यात मी काय काय कबूल केलं ते मलाच माहीत, देवाला ऐकू गेलं असेल तर गेलं. मग कडी सरकली.

केस विंचरलेले नाहीत, गाल बसलेले, अंगावर अप्पांचा जुना स्वेटर. तो स्वेटर मी वर्षभर शोधत होते. आत सगळीकडे कपबशा, पडदा ओढलेला. मला बघून ती मागे सरली नाही, पुढेही आली नाही.

"अप्पाने पाठवलं?"

"नाही. मी आले."

मी अंडी उकडली, ब्रेड भाजला, पलंगावरची चादर बदलली. हातांना काम असलं की मला बरं पडतं. ती बघत होती. मी काही बोलले नाही आणि नुसतं बघितलंही नाही, जमेल तितकी खाली मान घातली. फोन कोपऱ्यात पडला होता. मी विचारलं, बंद का? ती म्हणाली, "चार्ज कशाला करायचा? उघडायला काही उरलं नाही. राज्य गेलं माझं."

तेव्हा सांगून टाकलं. वाटसरू कोण, क्रमांक कसा घेतला, सगळं. वाटलं, आता दार दाखवेल.

ती उठून बसली. "तू?"

मी मान हलवली.

"तू होतीस ती? मी दिवसभर विचार करायची, हा कोण मेला हात धुऊन माझ्या मागे लागलाय. मी याचं काय घोडं मारलं? इतका राग आला होता, ताई. नदीवर तुला झोडपली ना, त्या दिवशी मी उठून केस धुतले."

आणि मग ती रडायला लागली, आणि मला मारायलाही लागली, उशीने, लहानपणी मारायची तशी. मी मार खाल्ला. दमली तेव्हा माझ्याच मांडीवर आडवी झाली आणि विचारलं, "का केलंस?"

मी म्हटलं, अप्पांना तूच आवडतेस म्हणून. हे वाक्य मोठ्याने म्हटलेलं किती बावळट वाटतं ते आता कळलं.

 "तुला तो रोज दिसतो गं," एवढंच म्हणाली.

अप्पांना फोन लावून सांगितलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग टिल्लीने फोन घेतला आणि दोघं गप्प बसले. या वेळी मी शेजारी होते.

२ मार्च, रविवार

तिला घेऊन आले. खोलीचं सामान दोन पिशव्यांत मावलं. खिडकीजवळचा पलंग तिला दिला, उजेड चांगला म्हणून. माझा होता तो.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. गोळ्या दिल्यात, दर आठवड्याला येऊन बोलायचं म्हणाल्या. वेळ लागेल म्हणाल्या.

९ मार्च, रविवार

खरं लिहायचं तर मत्सर गेलेला नाही. कालच टिल्लीने निम्मी परातभर कणीक सांडली आणि अप्पा म्हणाले, असू दे. मी सांडली असती तर? ती अजून दुपारपर्यंत झोपते, कधी दिवसभर भिंतीकडे बघते, आणि अप्पा वॉकर खरडत तिच्या पलंगापर्यंत जाऊन खुर्चीत बसतात. माझ्या पलंगापर्यंत. अशा वेळी माझ्या मनात जे येतं ते चांगलं नसतं. येतं आणि जातं. मग मी दोघांना चहा देते.

आज जेवणानंतर टिल्ली म्हणाली, नवा डाव मांडू या. तिघांचा. कोणी चोरून नाही. अप्पांनी चष्मा मागितला.

एका खोलीत तीन फोन घेऊन बसलो. मला पुन्हा डोंगराकडची गादी आली. मी नेहमीप्रमाणे कोठार, रस्ता असं सुरू केलं. अप्पांनी टिल्लीशी पहिल्याच पाळीत तह केला. ते होणारच होतं, म्हणून मी मनाची तयारी ठेवली होती. पण चौथ्या पाळीत पाहते तर तांबडं सैन्य घाटाच्या पायथ्याशी. राखीव, घोडदळ, तोफा, राजधानीचा पहारासुद्धा काढून आणलेला. कुठे कुंपण नाही, कुठे पहारा नाही. सगळं माझ्यावर.

"अप्पा, माझ्यावरच का?" मी विचारलं.

त्यांनी फोनवरून मानसुद्धा वर केली नाही. "मग कोणावर?" म्हणाले.

टिल्ली उशीत तोंड खुपसून हसत होती. मला राग यायला हवा होता. घाट गेला, किल्ला गेला, नदीवरचा पूल मी स्वतः पाडला म्हणून राजधानी तेवढी वाचली. अप्पांनी जन्मात कोणावर अशी चढाई केली नसेल, आणि आडवाटेने आली होती, आधी रिकामी तुकडी पाठवून. एक शिपाई हातचा राखला नाही. टिल्लीला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं, आणि मला मात्र दयामाया नाही.

पाळी माझी होती. मी बराच वेळ काही दाबलं नाही, नुसता नकाशा बघत बसले. त्यांच्याकडे जे काही होतं ते सगळं, झाडून सगळं, माझ्याकडे तोंड करून उभं होतं.